दुधाच्या कॅनमध्ये, भर थंडीत फुलझाडांची पेरणी: काय कधी पेरायचं?

शेवंती_शिकागो:
शिकागोजवळच्या उपनगरात घर आहे, परसात ऊन भरपूर. दुधाचे गॅलनचे १२ प्लॅस्टिकचे कॅन साठवलेत आणि यंदा विंटर सोइंग, म्हणजे थंडीतच बंद कॅनमध्ये बी पेरून ते बाहेर ठेवणं, नीट करायचं आहे. बिया आहेत त्या अशा: कोनफ्लॉवर, मिल्कवीड, ब्लॅक-आइड सुझन, लार्क्सपर, स्नॅपड्रॅगन, कॉसमॉस, झिनिया आणि झेंडू. मागच्या वेळी जानेवारीत चार कॅन ठेवले होते. दोनात एप्रिलमध्ये छान रोपं आली, पण एका उन्हाच्या शनिवार-रविवारीच करपून गेली. स्नॅपड्रॅगनच्या दोन कॅनमध्ये काहीच उगवलं नाही, बिया पाव इंच खोल होत्या. सगळं एकदम पेरायचं का? झाकण ठेवायचं की काढायचं? आणि बर्फ पडला की कॅन झाडून साफ करायचे का?

मातीचे_पाय:
एकदम पेरू नका. तुमच्या यादीत तीन वेगळ्या स्वभावाची झाडं आहेत.

कोनफ्लॉवर, मिल्कवीड: ही आत्ता, डिसेंबरअखेर ते जानेवारी. मिल्कवीडला निदान ३० दिवस ओली थंडी लागते. 'ओली' हा शब्द महत्त्वाचा. पाकीट गॅरेजमध्ये महिनाभर गारठलं तर बी नुसतं गार होतं, झोपलेलंच राहतं. बियाणं पाणी पिऊन फुगलेलं असेल तरच थंडीत त्याच्या आतली उगवण रोखणारी द्रव्यं कमी होत जातात. ब्लॅक-आइड सुझन आणि स्नॅपड्रॅगन फेब्रुवारीत पेरलीत तरी चालतील. कॉसमॉस मार्चच्या शेवटी. झिनिया आणि झेंडू ही उबेची झाडं, एप्रिलच्या मध्याआधी कॅनमध्ये नकोत. लवकर पेरली तर गार ओल्या मातीत बी कुजतं, किंवा उबदार आठवड्याला भुलून उगवतं आणि पुढच्या फ्रॉस्टमध्ये मरतं.

स्नॅपड्रॅगनचा घोळ तुम्हीच लिहिलाय, पाव इंच खोल! त्या बीला उगवायला उजेड लागतो. मातीवर भुरभुरवा आणि तळहाताने दाबा, वर काही घालू नका. बी इतकं बारीक असतं की चमचाभर कोरड्या वाळूत मिसळलं तरच सारखं पडतं. ब्लॅक-आइड सुझनचंही तेच. कोनफ्लॉवर, मिल्कवीड पाव इंच खोल. लार्क्सपरला अंधार आणि गारवा दोन्ही हवेत, त्यामुळे तेही पाव इंच. खरं तर लार्क्सपर कॅनमध्ये घालूच नका. त्याला मुळं हलवलेली सोसत नाहीत. फेब्रुवारीत वाफ्यातच फेका, वर मातीचा हलका थर द्या. खसखशीच्या जातीच्या पॉपीसुद्धा अशाच पेरायच्या, फक्त त्यांच्यावर माती नको.

वाफेकरी:
कॅन कसा कापायचा ते सांगतो, कारण निम्मी फसगत इथेच होते.

हँडलच्या खालच्या बाजूने चहूकडे कापत या, पण हँडलखालची साधारण दीड इंच पट्टी सोडा. ती बिजागरी. तळाला पेन्सिलीएवढी सहा-सात भोकं आणि खालच्या कडेने बाजूला आणखी तीन-चार, कारण तळ जमिनीला टेकला की खालची भोकं बुजतात. सुईने टोचलेली भोकं कामाची नाहीत. मार्चमध्ये बर्फ वितळून माती चिखल होते आणि रोपं बुडाशी कोलमडतात. तापवलेला स्क्रू ड्रायव्हर सोपा पडतो, पण तो बाहेर उघड्यावर वापरा, प्लॅस्टिकचा धूर वाईट.

माती ४ इंच. बागेतली नको, ती गोठून वितळून विटेसारखी होते. बी रुजवायचं हलकं मिश्रणही नको, ते फार लवकर सुकतं. साधं पॉटिंग मिक्स आणा. २ घनफुटांच्या पिशवीत हिशेबाने २४ कॅन भरतात, ओलं करून दाबल्यावर २० धरा. तुमच्या १२ कॅनला एक पिशवी पुरून उरेल. भरण्याआधीच भिजवा, मुठीत दाबल्यावर दोन-चार थेंब पडतील इतकं.

पेरून झालं की कापलेला भाग डक्ट टेपने बंद करा. वरचं छोटं झाकण मात्र फेकून द्या, तिथूनच पाणी आत जातं आणि वाफ बाहेर. बर्फ झाडू नका. तो पांघरूणही आहे आणि पाणीही. फक्त कॅन पागोळीच्या खाली ठेवू नका, वरून पाऊस-बर्फ थेट पडला पाहिजे. वाऱ्याने उलटू नयेत म्हणून सगळ्या हँडलांतून एक दोरी ओवून कुंपणाला बांधा.

नाव दोनदा लिहा: एक पट्टी आत मातीत खोचलेली, एक कॅनच्या बुडावर. साधा मार्कर उन्हात पुसला जातो, पेंट मार्कर टिकतो.

गच्चीवाली:
तुमची करपलेली रोपं थंडीने गेलेली नाहीत. बर्फाने फार कमी मरतात, एप्रिलच्या उन्हाने जास्त. बाहेर पारा ६५ फॅरनहाइट असला तरी बंद कॅनच्या आत तो सहज १०० च्या वर जातो, आणि त्याच दुपारी माती कोरडी पडते. म्हणून:

रोपं दिसली आणि दिवसाचा पारा ६० फॅरनहाइटच्या पुढे जायला लागला की सकाळी टेप काढून वरचा भाग मागे पाडा, रात्री पारा ३२ च्या खाली जाणार असेल तर परत बंद करा. कामावर जाणाऱ्यांनी कॅन सरळ पूर्वेच्या किंवा अर्ध्या सावलीच्या जागी हलवावेत. पाण्याचा अंदाज डोळ्यांनी घेऊ नका, कॅन उचलून बघा. हलका लागला तर पाण्याच्या घमेल्यात अर्धा तास बसवा. वरून झारी धरली तर स्नॅपड्रॅगनची केसासारखी रोपं आडवी होतात.

पुनर्लागवड दोन-तीन जोड्या खऱ्या पानांच्या आल्यावर. एकेक रोप सोडवत बसू नका. मातीचा अख्खा ठोकळा बाहेर काढा आणि सुरीने वडीसारखे दीड-दीड इंचाचे तुकडे पाडा, एका कॅनचे १६ होतात. तुकडा तसाच लावा, जोमदार रोप वाचेल तेवढं वाचेल. मिल्कवीडला मात्र हे लागू नाही. त्याचं सोटमूळ खोल जातं, म्हणून कॅनमध्ये १०-१२ बियाच पेरा आणि लवकर हलवा.

कोनफ्लॉवर पहिल्या वर्षी बहुधा नुसती पानं देईल. तण समजून उपटू नका.

शेवंती_शिकागो:
खूप उपयोगी, सगळ्यांचे आभार. एकच: झेंडू दसऱ्याला हवा आहे. भारतातून आणलेलं उंच जातीचं बी चालेल का?

मातीचे_पाय:
बी प्रवासात बॅगेतून आणायचं तर रोगमुक्ततेचं प्रमाणपत्र लागतं, नाहीतर विमानतळावर जप्त होतं. इथलंच आफ्रिकन झेंडूचं बी घ्या. उंच जाती दिवस लहान झाल्यावर जास्त बहरतात, त्यामुळे जूनमध्ये नुसतं झाड वाढतंय म्हणून घाबरू नका. एप्रिलअखेर कॅनमध्ये पेरा, मे अखेरीस जमिनीत लावा, रोप वीतभर झालं की शेंडा खुडा. ऑक्टोबरात पारा घसरायची लक्षणं दिसली तर तोरणाची फुलं आदल्या संध्याकाळीच तोडून ठेवा.

कोथरूडची_कुंडी:
मी पुण्यात आहे. इथे असे कॅन ठेवून उपयोग होईल का?

गच्चीवाली:
नको. पुण्यात बंद कॅन म्हणजे रोपांची भट्टी. तुमच्याकडे हिवाळी फुलांसाठी पाऊस सरला की, सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर, उघड्या ट्रेमध्ये पेरायचं: पेटुनिया, फ्लॉक्स, डायॅन्थस, पॅन्सी, नॅस्टर्शियम. पॅन्सीचा ट्रे उगवेपर्यंत झाकून सावलीत ठेवा, तिला अंधार आवडतो. पेटुनिया उजेडात, मातीवरच. ज्या बियांना थंडी लागते, त्या ओल्या टिश्यूत गुंडाळून डबीत घाला आणि फ्रिजमध्ये ४ ते ६ आठवडे ठेवा, फ्रीझरमध्ये नव्हे. तरी कोनफ्लॉवरचं ठीक, डेल्फिनियम मात्र तुमच्या एप्रिल-मेच्या उन्हात टिकत नाही, एका हंगामाचंच धरून चाला.