बर्फ वितळल्यावर औली-गुलमर्गमध्ये उन्हाळी खेळ असावेत का?

घोडबंदरकर (ठाणे), धागालेखिका

मे महिन्यात ठाणे आणि नवी मुंबईतून निघणाऱ्या सहलींची पत्रके चाळली, तर काश्मीरमधील गुलमर्ग, उत्तराखंडातील औली आणि हिमाचलमधील सोलांग ही नावे हमखास दिसतात. ही तिन्ही ठिकाणे स्कीइंगसाठी नावाजलेली आहेत, आणि शाळांच्या सुट्यांमुळे आपण मात्र स्कीइंगचा हंगाम संपल्यावर तेथे पोहोचतो. आमच्या सोसायटीच्या सहलीची आखणी चालू असताना एका ज्येष्ठ सभासदांनी असे मत मांडले की, बर्फ गेल्यावर अशी ठिकाणे पर्यटकांसाठी बंदच ठेवावीत आणि झिपलाइन, सायकली, मोटारबाइक आणून तेथे जत्रा भरवू नये. त्यांच्याविषयी पूर्ण आदर राखून मला याच्या उलट म्हणायचे आहे.

पहिला प्रश्न पोटापाण्याचा आहे. गुलमर्गच्या गंडोलाचा, म्हणजे केबलकारचा, पहिला टप्पा १९९८ मध्ये आणि अफरवट शिखराच्या खांद्यापर्यंत, म्हणजे सुमारे ३,९८० मीटर उंचीपर्यंत जाणारा दुसरा टप्पा २००५ मध्ये सुरू झाला. अशा यंत्रणेचे दोर, खांब, मोटारी आणि प्रशिक्षित कर्मचारी यांचा खर्च बर्फ असो वा नसो, बारा महिने चालूच राहतो. स्की शिकवणारे, बूट भाड्याने देणारे आणि स्लेज ओढणारे यांची कमाई मात्र तीन-साडेतीन महिन्यांत आटोपते. त्यातही आता हिवाळ्याचा भरवसा राहिलेला नाही. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्गचे उतार जवळजवळ उघडे पडले होते, आणि २०२५ मध्ये फेब्रुवारीत ठरलेल्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा पुरेशा बर्फाअभावी पुढे ढकलून मार्चमध्ये घ्याव्या लागल्या. ज्या गावाचा हुकमी हंगामच असा डळमळीत झाला आहे, त्याला उन्हाळ्यात कमाई करू नका असे सांगणे म्हणजे त्याच्या पोटावर पाय देणे आहे.

दुसरे असे की, बर्फाविना डोंगर रिकामा असतो ही समजूतच मुळात चुकीची आहे. औलीहून गोरसों बुग्याळाकडे, म्हणजे उंचावरच्या गवताळ कुरणाकडे, जाणारी पायवाट, वसंतात फुललेले बुरांश (ऱ्होडोडेंड्रॉन), ढग चढण्याआधी सकाळी दिसणारे नंदादेवीचे शिखर, गुलमर्गच्या वरचे अल्पथर सरोवर, हे सारे बर्फ सरल्यावरच पायी अनुभवता येते. आपण मात्र मे महिन्यातही बर्फच शोधत राहतो. गुलमर्गच्या पायथ्याच्या टंगमर्गला गाडी थांबते, वर बर्फ किती आहे याची चौकशीही न करता सगळे जण भाड्याचे लांब कोट आणि गमबूट चढवतात, आणि वर जाऊन काळपट पडलेल्या, शेकडो पायांनी तुडवलेल्या बर्फाच्या एका पट्ट्यावर छायाचित्रासाठी रांग लावतात. चालण्याच्या वाटा, फुलांची माहिती देणारे स्थानिक मार्गदर्शक, सायकलींसाठी आखलेला स्वतंत्र मार्ग असे काही तेथे नीट उभे राहिले, तर हीच गर्दी विभागली जाईल आणि पैसाही अधिक हातांत पोहोचेल.

स्वित्झर्लंडमधील एंगेलबर्गला आपल्याकडचे असंख्य लोक उन्हाळ्यात जातात. तेथे टिटलिसच्या फिरत्या केबलकारइतकीच गर्दी ट्रुबसे सरोवराभोवती चालणाऱ्यांची आणि गेर्श्निआल्पहून स्कूटरबाइकवर खाली उतरणाऱ्यांची असते. कॅनडातील व्हिसलरने १९९९ पासून आपल्या स्कीच्या डोंगरावर सायकल उद्यान चालवले आहे. हे आपल्याकडे का होऊ नये?

नेरूळकर

धागालेखिकांचा हेतू चांगला आहे, हे मान्य करूनही मी त्यांच्या मताला ठाम विरोध करतो.

स्कीचा उतार हिवाळ्यात बर्फाच्या जाड थराखाली झाकलेला असतो, म्हणून शेकडो माणसे त्यावरून घसरत गेली तरी खालच्या मातीला तुलनेने कमी इजा होते. मे ते सप्टेंबर हा मात्र त्याच उतारावरच्या गवताचा वर्षातला एकमेव वाढीचा काळ असतो. तीन हजार मीटरवर गवताला उगवायला, फुलायला आणि बी धरायला जेमतेम चार महिने मिळतात, आणि एकदा तेथली गवताळ जमीन टाचांनी, घोड्यांच्या खुरांनी किंवा एटीव्हीच्या (खडबडीत जमिनीवर चालणाऱ्या चारचाकी मोटारबाइकच्या) चाकांनी उखडली की, ती पुन्हा धरायला कित्येक वर्षे लागतात. त्या उघड्या चरातून पावसाचे पाणी वाहू लागते आणि पुढच्या वर्षी त्या चराची घळ झालेली असते. ज्याला आपण बिगरहंगाम म्हणतो, तो डोंगराचा खरा हंगाम आहे.

उत्तराखंड उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१८ मध्ये आली-बेदनी-बगजी बुग्याळांसंबंधीच्या याचिकेवर निकाल देताना बुग्याळांवर रात्रीच्या मुक्कामाला बंदी घातली आणि पर्यटकांची संख्या २०० पर्यंत मर्यादित केली, ती उगाच नाही. तरीही पुढच्याच वर्षी जून २०१९ मध्ये औलीच्या स्की उतारावर एका धनाढ्य कुटुंबातील लग्नसोहळे पार पडले. त्यातून निर्माण झालेला शेकडो क्विंटल कचरा उचलताना औलीच्या खालच्या जोशीमठ गावाच्या नगरपालिकेची दमछाक झाली आणि न्यायालयाला पुन्हा लक्ष घालावे लागले. ते लग्न म्हणजे औलीतला 'उन्हाळी उपक्रम'च होता. एकदा दार किलकिले केले की, आत कोण शिरेल यावर तुमचे नियंत्रण राहत नाही.

आणखी एक गोष्ट. जोशीमठ जुन्या दरडीच्या ढिगाऱ्यावर वसलेले आहे, हा इशारा सरकारने नेमलेल्या मिश्रा समितीने १९७६ मध्येच दिला होता. जानेवारी २०२३ मध्ये तेथील घरांना तडे गेले आणि जोशीमठ-औली रोपवे बंद करावा लागला. अशा डोंगरावर नवे खांब आणि नवी बांधकामे सुचवणे मला धोक्याचे वाटते. ठाण्यातल्या आपल्या मित्रांना वेगळे उदाहरण द्यायला नको. येऊरच्या जंगलाच्या कडेला आधी घरगुती जेवणाच्या जागा आल्या, त्यांच्या मागोमाग रात्री प्रखर दिवे लावून चालणारी टर्फ मैदाने आली, आणि आता तेथील गोंगाटाविरुद्ध रहिवासी तक्रारी करून थकले आहेत.

कोपरीकर

माझा मुद्दा लहान आहे, पण सहलीची आखणी करणाऱ्यांनी तो अवश्य विचारात घ्यावा. मी वैद्यकीय व्यवसायात आहे. आपण समुद्रसपाटीवर राहणारे लोक विमानाने श्रीनगरला, म्हणजे सुमारे १,६०० मीटरवर उतरतो, आणि बहुधा दुसऱ्याच दिवशी गंडोलात बसून चार हजार मीटरच्या जवळ पोहोचतो. तेथे उतरल्यावर सत्तरीतले आजोबा गमबूट घालून चढाला लागतात, आणि धाप लागली की त्यांना कापूर हुंगवला जातो. हृदयविकार, फुफ्फुसांचे विकार किंवा अनियंत्रित रक्तदाब असलेल्यांनी पहिल्या टप्प्यावरच, कोंगडोरीला थांबावे, आणि डोके दुखून मळमळू लागल्यास कोणीही लगेच खाली यावे. उन्हाळ्यात बर्फ नसल्यामुळे उंचीचा विसर पडतो, हीच खरी अडचण आहे. वारा वाढल्यामुळे गंडोला थांबवला गेला, तर त्यावरून कर्मचाऱ्यांशी वाद घालू नये. जून २०१७ मध्ये, म्हणजे ऐन उन्हाळी गर्दीत, जोराच्या वाऱ्याने उन्मळलेले झाड दोरावर कोसळून सात जणांचा बळी गेला होता.

खेळ असावेत की नसावेत, यावर माझे मत धागालेखिकांच्या बाजूने आहे, पण ते खेळ उंचीवर नकोत, पायथ्याशी असावेत.

घोडबंदरकर

कोपरीकर, आपली सूचना आमच्या गटाला जशीच्या तशी कळवते.

नेरूळकर, बुग्याळाविषयी आपण लिहिले ते मला पटते, पण त्यातून निघणारा निष्कर्ष पटत नाही. निसर्ग नाजूक आहे म्हणून माणसाला मज्जाव करायचा, की संख्या मोजून, वाटा आखून त्याला आत घ्यायचे, हा खरा प्रश्न आहे. साताऱ्याच्या कास पठारावर फुलांच्या दिवसांत रोज तीन हजार माणसांची मर्यादा आणि आगाऊ नोंदणी अशी व्यवस्था केली गेली, आणि गाईड म्हणून, वाहनतळ सांभाळायला, प्रवेशद्वारावर थांबायला आसपासच्या गावांतील माणसांनाच काम मिळाले. तेथे सगळे आलबेल आहे, असे माझे म्हणणे नाही. पण पठार बंद करून ते वाचले असते, असेही मला वाटत नाही. गंडोला किंवा चेअरलिफ्ट हे तर मोजणीचे उत्तम साधन आहे, कारण तासाला किती माणसे वर जातील हे तेथे यंत्रच ठरवते, आणि ती माणसे एकाच ठिकाणी उतरत असल्यामुळे पुढची वाट दोन्ही बाजूंनी दोर लावून आखता येते. गाडीरस्ता केला, तर यातले काहीच हाती राहत नाही.

लग्नाचे उदाहरण मात्र मला अन्यायकारक वाटते. पाहुण्यांनी भरलेला तो सोहळा आणि गावातल्या मुलाने दहा जणांना गोरसोंपर्यंत चालवत नेणे, या दोन्हींना एकच नाव देऊन दोन्ही बंद करणे म्हणजे सुक्याबरोबर ओलेही जाळणे आहे.

खारघरकर

उन्हाळी उपक्रमांना माझा विरोध नाही, पण एंगेलबर्ग आणि व्हिसलर यांच्याशी केलेली तुलना मला तपासून पाहावीशी वाटते. आल्प्समधील उन्हाळ्यातही वादळी पाऊस पडतो, परंतु तेथे आपल्यासारखा सलग अडीच-तीन महिन्यांचा पावसाळा नसतो. त्यामुळे जून ते ऑक्टोबर अशी लांबलचक, वापरता येण्याजोगी मुदत तेथील लिफ्टचालकांना मिळते. उत्तराखंडात जूनच्या अखेरीस पाऊस येतो तो सप्टेंबरच्या मध्यापर्यंत हटत नाही, आणि त्या काळात ऋषिकेश ते जोशीमठ हा रस्ताच दरडींमुळे कधी बंद होईल याचा नेम नसतो. हिमाचलमध्ये १५ जुलै ते १५ सप्टेंबर या काळात पॅराग्लायडिंगला बंदी असते, त्यामुळे सोलांगच्या उतारावरील मुख्य आकर्षणच थांबते. म्हणजे आपल्याकडचा तथाकथित उन्हाळी हंगाम मे-जूनचे काही आठवडे आणि पावसानंतरचे ऑक्टोबरपर्यंतचे दिवस, असा दुभंगलेला आहे. एवढ्या थोड्या दिवसांत सायकल उद्यानासारखा मोठा भांडवली खर्च कसा वसूल होणार, याचे उत्तर उत्साही मंडळींनी द्यावे. खर्च निघत नाही म्हटल्यावर चालक पावसातही खेळ रेटतात, आणि उतार नेमका तेव्हाच सर्वांत ओला व ढिला असतो. काश्मीर खोऱ्यात मोसमी पाऊस बराच कमी पोहोचतो, त्यामुळे गुलमर्गचा हिशेब वेगळा मांडता येईल. औली आणि गुलमर्ग यांना एकाच धाग्यात एकाच मापाने मोजणे मला योग्य वाटत नाही.

ज्यांना याच सुटीत युरोपला जायचे आहे, त्यांच्यासाठी एक उपयुक्त माहिती देतो. आल्प्समधील अनेक लहान स्की गावांत एप्रिल-मेमध्ये हिवाळा संपलेला आणि उन्हाळा सुरू न झालेला असा मधला काळ असतो. तेव्हा लिफ्ट देखभालीसाठी बंद असतात आणि बरीच हॉटेलेही उघडलेली नसतात. आपल्या सुट्या नेमक्या तेव्हाच येतात. नोंदणी करण्यापूर्वी लिफ्टच्या तारखा पाहाव्यात.

वाशीकर

नेरूळकरांच्या प्रतिसादात डोंगर आहे, गवत आहे, न्यायालय आहे, पण डोंगरावर राहणारा माणूस जवळजवळ नाहीच. ठाणे-वाशीत बसून तेथील लोकांनी काय करू नये हे ठरवणे म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणे होईल. भारतातर्फे २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिम्पिकमध्ये उतरलेला एकमेव खेळाडू आरिफ खान हा गुलमर्ग परिसरातलाच. अशा आणखी मुलांनी या खेळात टिकावे असे वाटत असेल, तर त्यांना एप्रिल ते नोव्हेंबर डोंगरावरच काम आणि सराव मिळायला हवा. जगभरचे स्कीपटू उन्हाळ्यात डांबरी रस्त्यावर चाकांच्या स्कीवर सराव करतात, गवतावरच्या स्कीच्या तर स्वतंत्र स्पर्धा होतात. पर्यटकांच्या करमणुकीसाठी एटीव्ही आणण्याऐवजी अशा सरावाची सोय झाली, तर तीच मुले उरलेल्या वेळेत आपल्याला पायवाटांवर नेतील. धागालेखिकांच्या यादीत हा मुद्दा यायला हवा होता.

घोडेवाल्यांविषयीही कोणी बोलले नाही. नव्या खेळांचे परवाने बाहेरच्या भांडवलदारांना दिले गेले, तर पहिला फटका त्यांनाच बसेल. परवाने आधी स्थानिकांना, ही अट नसेल तर माझाही विरोध राहील.

नेरूळकर

वाशीकर, माणूस माझ्या लिखाणात नाही असे नाही. जोशीमठमध्ये ज्यांच्या घरांना तडे गेले, ती माणसेच आहेत, आणि डोंगरावर वाढवलेल्या प्रत्येक वजनाची किंमत प्रथम त्यांनी मोजली आहे. चाकांच्या स्कीचा सराव आणि 'परवाने आधी स्थानिकांना' या आपल्या दोन्ही सूचना मला मान्य आहेत, कारण त्यांसाठी गवताला हात लावावा लागत नाही.

घोडबंदरकर, लिफ्टने मोजकी माणसे नेऊन आखलेल्या वाटेवर चालवणे, एवढ्यापुरता माझा विरोध मागे घेतो, आणि तोही गुलमर्गपुरता. एटीव्ही, घोड्यांची मोकाट रपेट आणि मैदानावरचे तंबू यांना तेथेही माझी हरकत आहे. औलीबाबत मी जागचा हलत नाही. झिपलाइनचा एक खांब जरी तेथे उभारायचा झाला, तरी आधी त्या उताराची भूवैज्ञानिक तपासणी व्हावी, तिचा अहवाल जोशीमठच्या रहिवाशांना वाचता येईल अशा हिंदीत जाहीर व्हावा, आणि त्यावर त्यांची सभा व्हावी. तोपर्यंत औलीच्या उतारावर उन्हाळ्यात मेंढ्या चराव्यात, पर्यटकांनी पायवाटेने जाऊन संध्याकाळी परत यावे, आणि त्याहून अधिक काही तेथे होऊ नये, असे माझे मत आहे.