एआय एजंटसाठी डॉक्युमेंटेशन लिहिताना : सीमाभागातले अनुभव

निमंत्रण

अँथ्रोपिकने नोव्हेंबर २०२४ मध्ये मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, म्हणजेच एमसीपी (एआयला बाहेरची सॉफ्टवेअर जोडण्याची सामायिक पद्धत), खुला केल्यापासून आपल्या भागातल्या काही जणांनी आपली जुनी टूल्स, म्हणजे एकेक ठरावीक काम करणारे प्रोग्राम, एजंटला (आपल्या वतीने कामे करणाऱ्या एआय मॉडेलला) जोडून दिली आहेत. एजंटला टूलचे नाव, वर्णन आणि इनपुटचा आराखडा (कोणती माहिती कोणत्या रूपात द्यायची ते) एवढेच दिसते. शेजारच्या टेबलावर जाऊन विचारण्याची सोय त्याला नसते. आपण वर्णनात नेमके काय बदललेत आणि त्यामुळे एजंटच्या वागण्यात काय फरक पडला, हे कृपया लिहावे.

निपाणी, कृषी सेवा केंद्रांसाठी सॉफ्टवेअर

आमचे एक टूल जमिनीच्या क्षेत्रावरून खताची मात्रा काढून देते. त्याचे मूळ वर्णन होते, ‘क्षेत्र द्या, मात्रा मिळेल.’ काउंटरवरच्या माणसाला तेवढे पुरत होते, कारण शेतकरी ‘दोन-वीस’ म्हणाला की ते दोन एकर वीस गुंठे, हे इथे कोणालाही सांगावे लागत नाही. एजंटने मात्र संदेशातले ‘२.२०’ दशांश अपूर्णांक म्हणून घेतले. चाळीस गुंठ्यांचा एकर धरला तर खरे क्षेत्र अडीच एकर होते आणि २.२० एकर म्हणजे दोन एकर आठ गुंठेच, म्हणजे बारा गुंठ्यांचे खत कमी सुचवले गेले. त्यात आमच्या अनेक ग्राहकांची काही जमीन कागल तालुक्यात आहे आणि तिथल्या सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असते.

आता ‘क्षेत्र’ हे एकच फील्ड (माहिती भरण्याचा रकाना) राहिलेले नाही. एकर आणि गुंठे अशी दोन पूर्णांकी फील्ड आहेत, गुंठ्यांची कमाल मर्यादा आराखड्यातच ३९ ठेवली आहे, आणि हेक्टर-आरसाठी वेगळे टूल आहे. वर्णनात स्पष्ट लिहिले आहे की उतारा कर्नाटकातला की महाराष्ट्रातला हे कळले नसेल, तर अंदाज न करता आधी शेतकऱ्याला विचारावे. या एका वाक्यानंतर एजंट खरोखर विचारू लागला, आणि मला वाटते की संपूर्ण डॉक्युमेंटेशनमधले सर्वांत मोलाचे वाक्य तेच आहे.

उद्यमबाग, बेळगाव, फाउंड्रीची ऑर्डर-व्यवस्था

आमच्याकडे ऑर्डर शोधण्याचे एक आणि ऑर्डरींची यादी देणारे दुसरे, अशी दोन टूल्स होती व दोन्हींचे वर्णन जवळजवळ सारखे होते. एजंट प्रत्येक वेळी पूर्ण यादी मागवत असे. ‘ऑर्डर क्रमांक माहीत असल्यास हे टूल वापरू नये’ असे यादीच्या टूलवर लिहिल्यावर ते थांबले. टूल कशासाठी आहे हे आपण सगळेच लिहितो. कशासाठी नाही, हे लिहायचे राहून जाते.

दुसरी बाब ओतीव लोखंडाच्या ग्रेडची, म्हणजे प्रतीची. ‘एसजी ४००/१५’ मध्ये ४०० हे ताणबळ आणि १५ हे टक्क्यांतले दीर्घन (तुटण्याआधी धातू किती लांबतो ते) असते, पण हे न सांगितल्यामुळे एजंट तिरप्या रेघेवर तोडून दोन ग्रेड शोधत असे. वर्णनात एक खरे उदाहरण देऊन ‘ग्रेड अखंड पाठवावी’ असे लिहिणे पुरेसे ठरले.

खानापूर, पतसंस्थेचे सॉफ्टवेअर

माझा अनुभव चुकांच्या संदेशांचा आहे. चाचणीच्या डेटाबेसवर भरणा नोंदवताना सर्व्हरने वेळेत उत्तर दिले नाही, एजंटने तीच विनंती पुन्हा पाठवली आणि एकाच हप्त्याच्या दोन पावत्या तयार झाल्या. आता प्रत्येक भरण्यासोबत एक विनंती-क्रमांक सक्तीचा आहे, तोच क्रमांक पुन्हा आला तर जुनीच पावती परत मिळते, आणि ‘उत्तर न आल्यास त्याच क्रमांकाने पुन्हा पाठवावे’ हे वर्णनातच आहे. ‘त्रुटी ५००’ या सर्व्हरच्या मोघम संदेशाऐवजी ‘खाते बंद आहे, भरणा घेता येणार नाही, शाखेशी संपर्क साधण्यास सांगावे’ असे पूर्ण वाक्य टूलच्या निकालात परत जाते, त्यामुळे मॉडेल ते वाचून पुढचे पाऊल ठरवते.

एमसीपीमध्ये टूल केवळ वाचणारे आहे की काही पुसून टाकणारे, हे सांगणाऱ्या खुणा देता येतात. त्या जरूर द्याव्यात, परंतु त्या केवळ सूचना आहेत, बंधन नव्हे. पैशाच्या व्यवहारावर माणसाची मंजुरी आम्ही सर्व्हरवरच ठेवली आहे.

हल्याळ, स्वतंत्र काम

वरील सर्व मान्य करूनही एक सावधगिरी सुचवतो. टूल्सची वर्णने सहसा प्रत्येक संभाषणात मॉडेलच्या कॉन्टेक्स्टमध्ये, म्हणजे ते एका वेळी वाचते त्या मर्यादित मजकुरात, जातात, आणि देवनागरी मजकुराला सामान्यतः इंग्रजीपेक्षा अधिक टोकन (मॉडेल मजकूर ज्या तुकड्यांत मोजते ते) लागतात. मी फील्डची नावे इंग्रजीत व छोटी ठेवतो आणि ग्राहक जे शब्द वापरतो तेवढेच मराठी व कन्नडमध्ये उदाहरण म्हणून देतो.

निपाणीहून पुन्हा

हल्याळच्या मित्रांचा मुद्दा रास्त आहे. पिकांचे लांबलचक कोष्टक आम्हीही वर्णनातून काढून वेगळ्या टूलमध्ये ठेवले आणि एजंट गरज पडेल तेव्हा ते मागवतो. क्षेत्राचा नियम मात्र जागचा हलवलेला नाही, कारण एजंटला आपण चुकतो आहोत हे कळतच नसेल, तर तो नियम शोधायला दुसरीकडे जाणारच नाही.