शब्दचर्चा: ‘इंडिजिनस डिसअ‍ॅडव्हांटेज’ला मराठीत काय म्हणावे, आणि ‘प्रगती’ कोणाची?

प्रश्न

ऑस्ट्रेलियातील सरकारे तेथील अ‍ॅबोरिजिनल आणि टोरेस सामुद्रधुनीतील बेटांवरील लोकांसाठी केलेल्या कामाचे मोजमाप कसे करतात, यावर एक मराठी लेख लिहीत आहे. लेखाला आधार दोन गोष्टींचा आहे. पहिली म्हणजे २००३ ते २०२० या काळात ठरावीक वर्षांनी निघालेला, उत्पादकता आयोगाच्या (तेथील सरकारच्या स्वतंत्र सल्लागार संस्थेच्या) सचिवालयात तयार होणारा ‘ओव्हरकमिंग इंडिजिनस डिसअ‍ॅडव्हांटेज’ हा अहवाल, आणि दुसरी म्हणजे या लोकांच्या आणि इतर ऑस्ट्रेलियनांच्या राहणीमानातील फरक मिटवण्यासाठी २००८ पासून चालू असलेले ‘क्लोजिंग द गॅप’ हे धोरण. ‘इंडिजिनस’, ‘डिसअ‍ॅडव्हांटेज’, ‘गॅप’ आणि ‘प्रोग्रेस’ या चारही शब्दांपाशी अडखळायला होते. ‘मागासलेपण’ लिहिण्यास मन धजत नाही आणि ‘गैरसोय’ हास्यास्पद वाटते. जाणकारांनी मत द्यावे.

प्रतिसाद १

पहिल्या शब्दापुरते लिहितो. ‘मूलनिवासी’ हा शब्द व्युत्पत्तीने जवळचा असला तरी महाराष्ट्रात त्याला बहुजन चळवळीतील एका विशिष्ट राजकीय मांडणीचा अर्थ चिकटलेला आहे आणि मराठी वाचकाच्या मनात तोच आधी येईल. ‘आदिवासी’ हा शब्द सहज समजतो, परंतु तो वाचताच अनुसूचित जमातींची यादी, आश्रमशाळा, वनहक्क हे सारे आपल्याकडचे चित्र उभे राहते. शिवाय टोरेस सामुद्रधुनीतील लोक मेलानेशियन वंशाचे असून अ‍ॅबोरिजिनल लोकांपेक्षा वेगळे आहेत. म्हणूनच तेथील अधिकृत लेखनात दोन्ही नावे जोडीने येतात. लेखात एकदा दोन्ही नावे पूर्ण द्यावीत आणि पुढे ‘आदिम समाज’ असे काही न करता ‘तेथील मूळ रहिवासी’ असे साधे लिहावे. ‘आदिम’ तर नकोच.

प्रतिसाद २

‘डिसअ‍ॅडव्हांटेज’साठी ‘वंचितता’ हा शब्द मला पटतो. त्याचे कारण तो रूढ आहे एवढेच नाही. त्याच्या मुळाशी असलेला संस्कृत धातू फसवणुकीचा आहे, आणि ‘प्रवंचना’, ‘आत्मवंचना’ या शब्दांत तो अर्थ अजूनही जिवंत आहे. माणूस मागासलेला आहे असे म्हटले की उणीव त्याच्यात आहे असे सूचित होते. तो वंचित आहे असे म्हटले की ‘कशापासून आणि कोणी केले?’ हा प्रश्न आपोआप उभा राहतो. ऑस्ट्रेलियाच्या बाबतीत हा प्रश्न अप्रस्तुत नाही. सरकारी धोरणानुसार अनेक पिढ्यांतील मुले आईबापांपासून काढून नेण्यात आली आणि त्याबद्दल पंतप्रधान केव्हिन रड यांनी १३ फेब्रुवारी २००८ रोजी संसदेत माफी मागितली. याच वर्षी ‘गॅप’ची पहिली लक्ष्ये ठरली, हे लेखात अवश्य यावे.

तरीही एक सावधगिरी सुचवतो. टास्मानियातील पालावा समाजाच्या समाजशास्त्रज्ञ मॅगी वॉल्टर यांचा आक्षेप असा आहे की मूळ रहिवाशांविषयीची आकडेवारी नेहमी फरक, विषमता, वंचितता, बिघाड आणि अभाव या पाचच खणांत गोळा केली जाते, आणि त्या खणांबाहेरचे त्यांचे आयुष्य आकड्यांत दिसतच नाही. तेव्हा ‘वंचितता’ हा शब्द स्थितीसाठी वापरावा, समाजाचे विशेषण म्हणून सरसकट नव्हे. ‘वंचित समाजाचे आयुर्मान’ यापेक्षा ‘या समाजाचे आयुर्मान’ हे अधिक नेमके आणि अधिक सभ्य आहे.

प्रतिसाद ३

माझ्या मते खरी अडचण ‘गॅप’ आणि ‘प्रोग्रेस’ या जोडीत आहे, आणि मराठी बातम्यांत नेमका तिथेच घोळ होतो.

‘दरी’, ‘तफावत’ आणि ‘अंतर’ हे तीन शब्द आपण एकमेकांच्या जागी वापरतो, पण त्यांच्याबरोबर येणारी क्रियापदे वेगळी आहेत. दरी रुंदावते किंवा बुजवली जाते, तफावत आढळते किंवा दूर केली जाते, अंतर वाढते किंवा घटते. ‘तफावत’ला हिशेबाच्या वहीचा वास आहे, दोन नोंदी जुळत नसल्या म्हणजे तफावत, आणि तिच्यात चूक कोणाची तरी आहे असा संशय असतो. धोरणाच्या नावासाठी ‘दरी’ आणि आकड्यांसाठी ‘अंतर’ अशी वाटणी करावी असे मी सुचवेन.

याचे कारण असे. ऑस्ट्रेलियाच्या सांख्यिकी कार्यालयानुसार २०१५-१७ मध्ये मूळ रहिवासी पुरुषांचे जन्मवेळचे अपेक्षित आयुर्मान ७१.६ वर्षे होते, ते २०२०-२२ मध्ये ७१.९ झाले. याच काळात इतर पुरुषांशी असलेले त्यांचे अंतर ८.६ वर्षांवरून ८.८ वर्षांवर गेले. स्त्रियांचे आयुर्मान दोन्ही वेळा ७५.६ वर्षेच राहिले, पण अंतर ७.८ वरून ८.१ झाले. म्हणजे पुरुषांच्या बाबतीत ‘सुधारणा झाली’ हे विधान खरे आहे आणि ‘परिस्थिती बिघडली’ हेही एका अर्थाने खरे आहे. बालमृत्यूचे तेच झाले. २००८ नंतरच्या दशकात मूळ रहिवासी बालकांच्या मृत्युदरात थोडी घट झाली, पण इतर बालकांचा मृत्युदर अधिक वेगाने घटल्यामुळे अंतर वाढले आणि ते निम्म्यावर आणण्याचे २०१८ चे लक्ष्य हुकले. दरीला दोन कडा असतात आणि इथे दुसरी कडाही सरकत असते, हे वाचकाला सांगितल्याशिवाय ‘प्रगती’ हा शब्द लिहूच नये.

यात तिसरी एक गोष्ट मिसळते ती अहवालांतील ‘ऑन ट्रॅक’ या शेऱ्याची. तिचा अर्थ ‘सुधारणा होत आहे’ असा नाही. आजच्या गतीने मुदतीत लक्ष्य गाठले जाईल असा तिचा अर्थ आहे, आणि ‘रुळावर’ असे भाषांतर केले तर तो पार हरवतो. ‘क्लोजिंग द गॅप’च्या जुलै २०२४ च्या अहवालात १९ लक्ष्यांपैकी ५ आणि जुलै २०२५ च्या अहवालात ४ अशी मुदतीत गाठता येण्याजोगी ठरली. उरलेल्यांपैकी सर्व बिघडत आहेत असे मुळीच नाही. काहींत सुधारणा आहे, पण ती पुरेशी वेगवान नाही. खरोखर उलट दिशेने जाणाऱ्यांत प्रौढांचा तुरुंगवास, कुटुंबाबाहेर ठेवलेली मुले, आत्महत्या आणि शाळाप्रवेशाच्या वेळचा बालविकास ही आहेत. ‘सरकार १५ लक्ष्यांत नापास’ असा मथळा यासाठी चुकीचा आहे, जरी संताप समजण्यासारखा असला तरी.

(जाता जाता: अपेक्षित आयुर्मान म्हणजे त्या वर्षी मरण पावलेल्यांचे सरासरी वय नव्हे. ‘सरासरी आयुष्य’ असा मोघम शब्द या लेखात टाळावा.)

प्रतिसाद ४

वरील विवेचनाशी सहमत आहे, पण एक दुरुस्ती आवश्यक वाटते. ‘क्लोजिंग द गॅप’ ज्यावर आज चालते त्या २०२० च्या राष्ट्रीय करारातील सगळी लक्ष्ये अंतराची नाहीतच. प्रौढांच्या तुरुंगवासाचा दर २०३१ पर्यंत किमान १५ टक्क्यांनी घटवणे हे लक्ष्य स्वतःच्याच पातळीशी तुलना करते; शाळेच्या आदल्या वर्षी बालवर्गात ९५ टक्के मुलांची नोंदणी हेही अंतराचे नाही. तेव्हा ‘दरी’ हे छत्रीचे नाव आहे, आणि तिच्याखाली वेगवेगळ्या मापांच्या वस्तू ठेवलेल्या आहेत.

नोंदणीचा विषय निघालाच आहे तर मराठीत आपल्याकडे सुदैवाने दोन चोख शब्द आहेत: पटसंख्या आणि उपस्थिती. बालवर्गाचे लक्ष्य पटाचे आहे, आणि ते गाठण्यात यश येते आहे. शाळेतील उपस्थितीतले अंतर मिटवण्याचे वेगळे लक्ष्य २०१४ मध्ये घातले गेले होते, ते गाठता आले नाही. इंग्रजी अहवाल वाचताना हे दोन्ही ‘शिक्षणातील प्रगती’ या एका गाठोड्यात बांधण्याचा मोह होतो; जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलेल्या कोणालाही त्यातला फरक समजावून सांगावा लागणार नाही.

छेदाचाही, म्हणजे ज्या लोकसंख्येने भागून दर काढले जातात तिचाही, विचार करावा. २०१६ च्या जनगणनेत स्वतःला मूळ रहिवासी म्हणवणारे ६,४९,१७१ लोक होते, २०२१ मध्ये ८,१२,७२८. पाच वर्षांत सुमारे २५ टक्के वाढ केवळ जन्मांनी होत नाही. पूर्वी तशी नोंद न करणाऱ्या अनेकांनी ती आता केली. त्यामुळे पाच वर्षांपूर्वीचा गट आणि आजचा गट तंतोतंत एकच नाही. ‘या समाजाच्या शिक्षणात वाढ झाली’ असे लिहिताना, वाढ माणसांच्या शिक्षणात झाली की शिकलेली माणसे मोजणीत नव्याने आली, हा प्रश्न शिल्लक राहतो.

प्रतिसाद २ (पुन्हा)

छेदाचा मुद्दा मोलाचा आहे. त्याला जोडून विचारावेसे वाटते की आपण आतापर्यंत ज्याला ‘सरकारची प्रगती’ म्हणत आलो, त्यात मोजले काय गेले? लोकांचे वजन, वय, शाळा, तुरुंग. सरकार स्वतः कुठे मोजले गेले?

प्रतिसाद ३ (पुन्हा)

हाच २०२० चा बदल आहे. पहिल्या धोरणाची लक्ष्ये सरकारांनी आपसात ठरवली होती आणि फेब्रुवारी २०२० पर्यंत सातपैकी दोनच मुदतीत गाठता येण्याजोगी उरली होती. त्याच वर्षी जुलैमध्ये झालेल्या करारावर मूळ रहिवाशांच्या संस्थांच्या ‘कोअ‍ॅलिशन ऑफ पीक्स’ या आघाडीची सरकारांच्या बरोबरीने सही आहे, आणि त्यात लक्ष्यांच्या आधी चार सुधारणा आहेत: निर्णयांत वाटा, समाजाच्या स्वतःच्या संस्थांना बळ, सरकारी यंत्रणांनी स्वतःला बदलणे आणि स्थानिक माहिती लोकांच्या हाती देणे. या चारही कलमांतील कर्ता सरकार आहे. उत्पादकता आयोगाने फेब्रुवारी २०२४ मध्ये केलेल्या पहिल्या आढाव्याचा निष्कर्ष असा की सरकारांनी बहुतांशी जुनीच कार्यपद्धती चालू ठेवली आणि या सुधारणा पुरेशा गांभीर्याने घेतल्या नाहीत.

आपल्याकडच्या आदिवासी उपयोजनेच्या कागदपत्रांत ‘तरतूद’, ‘खर्च’, ‘भौतिक उद्दिष्ट’ आणि ‘साध्य’ असे स्तंभ असतात. त्यांतील ‘साध्य’ म्हणजे बहुधा बांधलेली वसतिगृहे किंवा दिलेल्या शिष्यवृत्त्या. ऑस्ट्रेलियाच्या अहवालातील ‘आउटकम’साठी हा शब्द म्हणून चालणार नाही. ‘निष्पत्ती’ घ्यावा; ‘अध्ययन निष्पत्ती’मुळे तो शिक्षकांच्या तरी ओठी आहे.

प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार. लेखात पुढीलप्रमाणे योजना करीत आहे: स्थितीसाठी ‘वंचितता’, धोरणासाठी ‘दरी’, आकड्यांसाठी ‘अंतर’, स्वतःच्या पातळीतील बदलासाठी ‘सुधारणा’, आणि ‘ऑन ट्रॅक’साठी प्रत्येक वेळी पूर्ण वाक्यांश. ‘प्रगती’ हा शब्द फक्त चार सुधारणांच्या परिच्छेदात ठेवतो, कारण तिथे तो कोणाबद्दल आहे याविषयी शंका राहत नाही. ‘टार्गेट’साठी ‘उद्दिष्ट’ घ्यावे की ‘लक्ष्य’, हा प्रश्न मात्र उरतो. करारात व्यापक ‘आउटकम’ आणि त्याखाली मोजता येणारे ‘टार्गेट’ अशी उतरंड असल्यामुळे, वर ‘निष्पत्ती’ आणि खाली ‘लक्ष्य’ ठेवण्याकडे माझा कल आहे.

प्रतिसाद १

‘लक्ष्य’च ठेवावे. ‘उद्दिष्ट’ आपल्याकडे वर्षअखेरीस सुधारून घेता येते.