अ‍ॅनिमे रीतसर कुठे बघता? आपापले अनुभव लिहा

मंडळी, चोरीच्या साइट्स सोडून पैसे भरून किंवा अधिकृतपणे फुकट अ‍ॅनिमे (म्हणजे जपानी अ‍ॅनिमेशन) बघणाऱ्यांसाठी हा धागा. "अमुक अ‍ॅप भारी, बाकी सगळी भंगार" असं एका ओळीचं उत्तर नको. तुम्ही काय बघता, कसं बघता आणि त्यामुळे कोणतं अ‍ॅप टिकलं, कोणतं काढून टाकलं ते लिहा. माझ्यापासून सुरुवात करतो.

मी दर आठवड्याला बघणारा. जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर असे वर्षाचे चार सीझन, आणि प्रत्येक सीझनमधल्या चार-पाच मालिका मी चालू असतानाच बघतो. अशा माणसाला क्रंचीरोलशिवाय फारसा पर्याय नाही. जपानमधल्या प्रसारणानंतर बऱ्याचदा काही तासांत सबटायटलसकट भाग येतो. गंमत म्हणजे 2006 साली ही साइट सुरू झाली तेव्हा तिथे चाहत्यांनी चढवलेले विनापरवाना भागच असायचे. 2009 च्या जानेवारीत टीव्ही टोकियोशी करार करून 'नारुतो शिप्पुदेन' अधिकृतपणे दाखवायला लागले आणि जुना बेकायदा माल काढून टाकला. आज आपण ज्याला सायमलकास्ट म्हणतो, म्हणजे जपानबरोबरच बाहेरही भाग दाखवणं, त्याची खरी चटक तिथून लागली.

आता उणी बाजू. 2021 मध्ये सोनीच्या फ्युनिमेशन या स्पर्धक सेवेने 117.5 कोटी डॉलरना क्रंचीरोल विकत घेतलं आणि पुढच्या वर्षी दोन्हीकडचा साठा एका छताखाली यायला लागला. ग्राहकाला दोनऐवजी एकच बिल, हे बरं झालं. पण दोघांतली स्पर्धाही संपली. 2022 च्या वसंतापासून बहुतेक नवे भाग फुकटात जाहिरातींसह दिसणंही बंद झालं. आणि एवढं करूनही सगळं तिथे मिळत नाहीच. 'ब्लीच' 2022 मध्ये शेवटचं मोठं कथानक घेऊन परत आलं ते डिस्ने प्लस आणि हुलूवर. 'ओशी नो को' 2023 मध्ये हायडाइव्ह या दुसऱ्या अ‍ॅनिमे सेवेने घेतलं, आणि हायडाइव्ह चालतं मोजक्याच देशांत. यादीतली एखादी मालिका अशी निसटतेच दर सीझनला. मी ती सोडून देतो. दुसरं सबस्क्रिप्शन घेत नाही.

*

मी नेमकी उलट आहे. आठवडाभर थांबणं मला जमत नाही. अर्ध्यावर लटकवलेला प्रसंग डोक्यात घेऊन सात दिवस काढायचे, कशासाठी? त्यामुळे माझं सगळं नेटफ्लिक्सवर. पूर्वी ते लोक मालिका विकत घ्यायचे आणि जपानमध्ये संपेपर्यंत बाकीच्या जगाला दाखवायचेच नाहीत. चाहते त्याला 'नेटफ्लिक्स जेल' म्हणायचे. मला त्या जेलचा कधी त्रास झाला नाही, उलट सुटका झाली की सगळे भाग एकदम हातात. अलीकडे तेही बदललंय. 2024 मध्ये 'डंडाडान' नेटफ्लिक्स आणि क्रंचीरोल दोन्हीकडे दर आठवड्याला येत होतं. म्हणजे जेलही गेलं आणि माझी चैनही.

नेटफ्लिक्सचा मोठा फायदा म्हणजे घरात सगळ्यांचं काहीतरी असतं, त्यामुळे "तुझ्या कार्टूनसाठी वेगळे पैसे का?" हा प्रश्न निघत नाही. 2020 च्या सुरुवातीला अमेरिका, कॅनडा आणि जपान सोडून बाकी जगात स्टुडिओ घिबलीचे 21 चित्रपट तिथे आले. माझ्या सासूबाई आधी नुसत्या येता-जाता बघायच्या, मग बसून बघायला लागल्या. कोणत्याही खास अ‍ॅनिमेच्या अ‍ॅपवर त्या स्वतःहून गेल्या नसत्या.

खटकलेली एकच गोष्ट सांगते. 2019 मध्ये 'निऑन जेनेसिस इव्हँजेलियन' तिथे आलं ते नव्या डबिंगसकट, आणि जपानबाहेर अनेक देशांत शेवटचं 'फ्लाय मी टू द मून' हे गाणं काढलेलं होतं. ज्यांनी पहिल्यांदाच बघितलं त्यांना काही वाटणार नाही. ज्यांनी आधी बघितलं होतं त्यांना प्रत्येक भागाच्या शेवटी ते जाणवत राहतं.

*

एका वेळी एकच सबस्क्रिप्शन, तेही महिन्यापुरतं. साधारण सीझन बारा-तेरा भागांचा, भाग चोवीस मिनिटांचा. बारा भाग म्हणजे पाच तासांच्या आत. एका महिन्यात चार-पाच मालिका आरामात होतात. सीझन संपला की एकाकडे जायचं, यादी उरकायची, रद्द करायचं, पुढच्या वेळी दुसऱ्याकडे. घेतल्या दिवशीच रद्द करून टाका, महिना भरेपर्यंत बहुतेक ठिकाणी चालूच राहतं.

उशिरा बघितल्यामुळे स्पॉयलर, म्हणजे पुढची गोष्ट आधीच कळण्याचं, म्हणाल तर जो मालिका चालू असताना सोशल मीडिया उघडतो त्याची दया करू नये.

*

वर सबटायटलचा उल्लेख जाता जाता झालाय. मला त्यावरच लिहायचंय, कारण मला एका कानाने ऐकू येत नाही आणि दुसऱ्याने जेमतेम. माझ्यासाठी सबटायटल हीच मालिका आहे.

बहुतेक लोकांच्या लक्षात येत नाही की इंग्रजी मजकुराच्या दोन वेगळ्या जाती असतात. एक जपानी संवादांचं भाषांतर. दुसरी 'सीसी', म्हणजे क्लोज्ड कॅप्शन. ती बऱ्याचदा इंग्रजी डबवरून लिहिलेली असते आणि तिच्यात दार वाजलं, पाऊस सुरू झाला, कुणीतरी मागून हाक मारली हेही लिहिलेलं असतं. जपानी आवाज ठेवून सीसी लावलं तर ओठ एक बोलतात आणि अक्षरं दुसरंच सांगतात. पात्र दोन शब्दांत थांबतं, खाली वाक्य चालूच. म्हणून ऐकू येणाऱ्यांनी जपानी आवाजाबरोबर सीसी नसलेला पर्याय निवडावा, यादीत तो वेगळा दिसतो.

माझी अडचण याच्या पुढची. मला आवाजांच्या नोंदीही हव्यात आणि मूळ संवादांचं भाषांतरही. हे दोन्ही एकत्र मला जवळपास कुठेच मिळत नाही. त्यामुळे रहस्यकथा, भयकथा मी डब आणि सीसी लावून बघतो, कारण तिथे पावलांचा आवाज हाच धागा असतो. बाकी संवादांवर चालणाऱ्या मालिका जपानीत.

तिसरी गोष्ट पाट्यांची. अ‍ॅनिमेत पत्रं, मोबाइलवरचे मेसेज, दुकानांच्या पाट्या सतत पडद्यावर येतात. चांगल्या सबटायटलमध्ये पाटीचं भाषांतर पाटीजवळच, त्याच रंगात बसवलेलं असतं आणि संवाद खाली वेगळा चालतो. साध्या पद्धतीत जास्तीत जास्त दोन ओळी, त्यात पाटी की संवाद यातलं एकच मावतं. मी एका सेवेवर एक अख्खी मालिका अशी बघितली की नायिकेला आलेले मेसेज शेवटपर्यंत मला वाचताच आले नाहीत. सेवा निवडताना चाचणी म्हणून मी हेच करतो: मेसेजची देवाणघेवाण असलेला एखादा प्रसंग शोधायचा आणि दोन मिनिटं बघायचा. चित्राची गुणवत्ता वगैरे नंतर.

*

डबवाल्यांची बाजू कुणी तरी मांडा म्हणून मीच मांडते. काम करता करता बघणाऱ्यांना सबटायटल परवडत नाहीत. इस्त्री करताना पडद्याकडे बघत राहणं धोक्याचं. क्रंचीरोलवर इंग्रजीशिवाय हिंदी, तमिळ, तेलुगू डबही आहेत, पण सगळ्या मालिकांना नाहीत, आणि डब मूळ भागापेक्षा काही आठवडे मागे चालतो. पहिला सीझन हिंदीत बघून आवाजांची सवय झाली आणि दुसरा सीझन हिंदीत नाहीच, असंही होतं. सुरू करण्यापूर्वी पुढचे सीझन त्याच भाषेत आहेत का, एवढं पाहून घ्या.

*

मुलांच्या पालकांसाठी थोडं. माझी मुलगी दहा वर्षांची. चित्र गोड दिसलं म्हणून गोष्ट गोड असेलच असं नाही. 'मेड इन अ‍ॅबिस' याचं ठळक उदाहरण: गोलमटोल गालांची लहान मुलं, आणि आत जे चालतं ते मोठ्यांनाही झेपत नाही. म्हणून वयाचं रेटिंग बघायचंच, पोस्टरवर जायचं नाही. मुलांचं प्रोफाइल वेगळं करून त्याला वयाची मर्यादा लावता येते, आणि मोठ्यांच्या प्रोफाइलला पिन लावता येतो का हेही तपासा. पिन नसेल तर मुलांचं प्रोफाइल केवळ शोभेचं. आमच्याकडे ज्या अ‍ॅपवर या दोन्ही गोष्टी नीट आहेत तेच टीव्हीवर ठेवलंय. बाकीचं माझ्या फोनवर.

*

जुनं बघणारा मी इथे एकटाच दिसतोय. ऐंशी-नव्वदच्या दशकातला माल हवा असेल तर मोठ्या सेवांवर फार विसंबू नका. परवाना ठराविक मुदतीचा असतो, मुदत संपली की मालिका गायब. रेट्रोक्रश नावाची सेवा जुन्या अ‍ॅनिमेसाठीच आहे, जाहिरातींसह फुकट. टुबी या फुकट सेवेवरही बरंच सापडतं. दोन्ही सगळ्या देशांत चालत नाहीत. यूट्यूबवर म्यूझ एशिया आणि अ‍ॅनी-वन एशिया ही परवानाधारक कंपन्यांचीच चॅनेल आहेत, आशियातल्या ठराविक देशांसाठी. तिथे नवंही येतं, पण काही मालिका थोड्या दिवसांनी काढूनही घेतात, तेव्हा "नंतर बघू" म्हणू नका.

आणि सेवा स्वतःच किती बंद पडल्या ते बघा. जपानी कंपन्यांनी मिळून काढलेली दाइसुकी 2017 मध्ये बंद. अ‍ॅमेझॉनने अ‍ॅनिमे स्ट्राइक नावाचं वेगळं चॅनेल काढलं, प्राइमच्या वर्गणीवर आणखी वर्गणी, ते वर्षभरात गुंडाळलं. व्हीआरव्ही 2023 मध्ये गेलं. फ्युनिमेशनचं अ‍ॅप 2 एप्रिल 2024 ला बंद झालं आणि ज्यांनी डिस्कबरोबरच्या कोडने तिथे डिजिटल प्रती जमवल्या होत्या त्या प्रतीही गेल्या, क्रंचीरोलवर त्या आल्या नाहीत. त्यामुळे ज्या चार-सहा मालिका मला म्हातारपणीही बघायच्या आहेत त्यांच्या डिस्क माझ्या कपाटात आहेत. बाकी सगळं भाड्याच्या घरासारखं समजून बघतो.

*

डिस्कचा विषय निघालाच आहे तर चित्राबद्दल. अ‍ॅनिमेसाठी 4के वाला महाग प्लॅन घेऊ नका. टीव्हीवरच्या बऱ्याच मालिका मुळात 1080पी पेक्षाही कमी रिझोल्यूशनवर तयार होतात आणि मग मोठ्या केल्या जातात. खरा फरक पडतो तो बिटरेटने, म्हणजे दर सेकंदाला चित्रासाठी किती डेटा येतो त्याने: रात्रीचं आकाश, धुकं, अंधारी खोली. बिटरेट कमी असेल तर तिथे रंगांचे पट्टे दिसतात. तुलना करायची तर असाच प्रसंग लावा.

काही मारामारीचे प्रसंग अचानक काळपट, पुसट दिसतात तो अ‍ॅपचा दोष नसतो. डिसेंबर 1997 मध्ये 'पोकेमॉन'च्या एका भागातल्या लाल-निळ्या चमकांमुळे जपानमध्ये शेकडो मुलांना रुग्णालयात न्यावं लागलं. त्यानंतर प्रसारणासाठी नियम आले, म्हणून झगमगते प्रसंग मंद करून दाखवतात. स्ट्रीमिंगवर बहुतेक वेळा हीच टीव्हीची प्रत येते. ब्लू-रेवर प्रसंग पुन्हा उजळ होतात, चुकलेली चित्रंही सुधारलेली असतात.

फोनवर चित्र सतत धूसर येत असेल तर फोनची वाइडवाइन (चोरी रोखणारी यंत्रणा) पातळी तपासा. एल1 ही सगळ्यात वरची पातळी नसेल तर नेटफ्लिक्ससारख्या सेवा एचडी देतच नाहीत, नेट कितीही वेगवान असो.

*

एक मालिका तीन ठिकाणी तुकड्यांत का, असं नेहमी विचारलं जातं. अ‍ॅनिमे सहसा एका कंपनीचं नसतं. प्रकाशक, टीव्ही वाहिनी, संगीत कंपनी, खेळणीवाले मिळून निर्मिती समिती बनवतात आणि परदेशातले हक्क सीझननुसार, प्रदेशानुसार विकतात. पहिला सीझन एकाने घेतला, दुसऱ्या सीझनला बोली दुसऱ्याच कंपनीची जास्त, झालं.

त्यात क्रमाचा घोळ. 'डीमन स्लेयर'चा 'मुगेन ट्रेन' 2020 चा चित्रपटही आहे आणि 2021 मधले सात भागही आहेत, त्यातला पहिलाच भाग फक्त नवा. दोन्ही शेजारी शेजारी दिसले तर नव्या माणसाने काय करावं? मी अ‍ॅपच्या क्रमावर जात नाही. अ‍ॅनीलिस्टवर मालिकांचे आपसातले संबंध दिलेले असतात, लाइव्हचार्टवर या सीझनचं काय कुठे लागतंय ते कळतं आणि जुनं कुठे मिळतं ते बघायला जस्टवॉच, देश निवडून. वेळापत्रकात 25:00 दिसलं तर ती दुसऱ्या दिवशीची पहाटेची एक वाजताची वेळ, जपानी वाहिन्या तसंच लिहितात.

आणि कृपा करून 'पुढचा भाग आपोआप' हे बंद करा. शेवटच्या गाण्यानंतर अर्ध्या मिनिटाचा प्रसंग असतो, कधीकधी सगळी गोष्ट तिथेच फिरते.

*

धागाकर्ताच परत. ऑफलाइनबद्दल कुणीच लिहिलं नाही. प्रवासात बघणारे कोणी आहेत का?

*

आहे ना, माझं निम्मं बघणं प्रवासातच. क्रंचीरोलचा प्लॅन घेताना त्यात डाउनलोड आहे का ते आधी बघा. नेटफ्लिक्सवर डाउनलोडला मुदत असते, काही मालिकांना फारच थोडी. निघण्याच्या आदल्या रात्री विमान मोड लावून एकेक भाग सुरू होतोय का ते बघा, सबटायटल उतरलीत का तेही. मी एका लांबच्या प्रवासाला अख्खी मालिका उतरवून नेली होती, चित्र आवाजासकट होतं, अक्षरं मात्र एका अ‍ॅपने नेटवरूनच मागितली. फोनपेक्षा टॅबवर ठेवलेलं बरं, जागाही असते आणि बॅटरीही पुरते.