पाळण्यापेक्षा आईकडे बघा

'पाळणा' हे चित्र गोड आहे पण त्यात वात्सल्यापलीकडे काही नाही, हे तुमचं म्हणणं मला पटलं नाही. बर्थ मोरिसो या फ्रेंच चित्रकर्तीनं 1872 मध्ये रंगवलेली ही आई म्हणजे तिची सख्खी बहीण एडमा, आणि झोपलेलं बाळ म्हणजे भाची ब्लांश. एडमा स्वतः चित्रकार होती. दोघी कोरो या निसर्गचित्रकाराकडे शिकल्या आणि 1864 च्या पॅरिस सलोनमध्ये, म्हणजे तिथल्या अधिकृत चित्रप्रदर्शनात, दोघींची चित्रं लागली होती. 1869 मध्ये एडमाचं नौदलातल्या अधिकाऱ्याशी लग्न झालं आणि तिचा ब्रश जवळजवळ सुटलाच. हे कळल्यावर तो चेहरा पुन्हा बघा. माया आहेच, पण थकवाही आहे, आणि नजर कुठेतरी आत वळलेली. (हा माझा अर्थ, मोरिसोनं तसं कुठे लिहून ठेवल्याचं माझ्या वाचनात नाही.)

आता ती पाळण्यावरची जाळी. नुसत्या पांढऱ्या-करड्या फटकाऱ्यांतून झिरझिरीत कापड उभं केलंय, आणि बाळ त्यामागे पुसट दिसतं. म्हणजे आई आपल्याला स्वच्छ दिसते, बाळ मात्र पडद्याआड! आईचा एक हात कोपरात दुमडून गालाशी, बाळाचाही हात तसाच दुमडलेला. हे एकदा दिसलं की मग दुसरं काही दिसतच नाही.

1874 च्या पहिल्या इम्प्रेशनिस्ट (क्षणाचा प्रकाश आणि रंग मोकळ्या फटकाऱ्यांत टिपणाऱ्या चित्रकारांच्या) प्रदर्शनात हे चित्र होतं. विकलं गेलं नाही, घरातच राहिलं. 1930 मध्ये लूव्रनं घेतलं, आता ते पॅरिसच्याच ओर्से संग्रहालयात आहे.