एस्पोझितो आडनाव एवढं कॉमन कसं काय?

इटालियन फुटबॉल बघताना दर दोन मॅचला कोणीतरी एस्पोझितो निघतोच, हे सगळे एकाच खानदानातले का?

पिंट्या_७:
नाही रे, उलट खानदान माहीत नसलेल्यांचं आडनाव आहे ते. लॅटिन एक्स्पोझितुस म्हणजे बाहेर ठेवलेला, टाकून दिलेला. नेपल्समधे अनुन्झियाता नावाची संस्था होती, तिच्या भिंतीत लाकडी फिरतं चाक, आई बाहेरून बाळ त्यात ठेवायची, चाक फिरवायची की बाळ आत, आणि कोण ठेवून गेलं ते आतल्यांना दिसायचंच नाही. अशा पोरांना हे आडनाव द्यायचे. चाक १८७५ला बंद झालं, नाव मात्र पोरंनातवंडं धरून पसरत गेलं, आज नेपल्समधलं सगळ्यात कॉमन आडनाव हेच. मार्गारिटा पिझ्झाची १८८९ची गोष्ट सांगतात ना, त्यातला पिझ्झावाला पण राफाएले एस्पोझितोच.

भटकी_मांजर:
फ्लोरेन्सला अशाच पोरांना इनोचेंती म्हणायचे, म्हणजे निष्पाप. हे जरा तरी बरं वाटतं, नाहीतर जन्मभर कपाळावर 'टाकलेला' असा शिक्काच की!

प्रश्नकर्ता:
बापरे, मला वाटलं सुतार-लोहारासारखं धंद्यावरून असेल.