मदत हवी आहे: डी अँड डीतल्या सालदाराचा हिशोब बसत नाही

मंडळी, डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स) या पात्रं वठवायच्या खेळाच्या पाचव्या आवृत्तीचा डाव आपल्या वऱ्हाडासारख्या कापसाच्या गावात मांडतोय. नियमपुस्तकात अकुशल मजुरी रोज 2 चांदीची नाणी, अन् गरीब राहणीचा खर्चही रोज 2च. शिल्लक शून्य! बैल 15 सोन्याचा, जोडी 30. म्हणजे चांदीची 300, 150 दिवसांची अख्खी मजुरी. गहू मात्र पाउंडाला 1 तांब्याचं नाणं, एका रोजात (तांब्याची 20) 20 पाउंड, साधारण 9 किलो. उलट सुती कापड चौरस यार्डाला 5 चांदीची, हे तर कापूसवाल्या गावात अजिबात पटत नाही. सालदाराला निम्मं धान्य, निम्मे रोख ठेवू का? आणि पोळ्याआधी खेळाडूंनी गुहेतून 500 सोन्याची नाणी आणली, तर आठवडी बाजारात आधी काय चढवायचं, बैलाचा भाव की सावकाराचं व्याज?